सोसायटीतल्या ख्रिसमस ट्रीवर दगडफूल आलंय, झाड खातंय का ते?

कासारवडवलीकर:
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला आमची सोसायटी, गेटच्या दोन्ही बाजूंना बिल्डरने लावलेली ख्रिसमस ट्री आहेत, आता पार पाचव्या मजल्यापर्यंत गेलीत. यंदा पावसाळा संपता संपता खोडांवर राखाडी-हिरवट चट्टे दिसायला लागले, काही अगदी सालीला चिकटून, काही कडेने सुटलेले आणि कुरळे. माळी म्हणतो बुरशी लागलीय साहेब, झाड आतून पोखरणार. बागेचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी लगोलग कोटेशनच पाठवलं, खोड तारेच्या ब्रशने घासायचं, बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याची पेस्ट लावायची आणि मुळाशी बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग, तेही वर्षातून तीनदा. आकडा सांगत नाही, बीपी वाढेल.

कमिटीत सरळ दोन तट पडलेत. ए विंगमधल्या एक काकू म्हणाल्या अहो हे दगडफूल आहे, आपण गोड्या मसाल्यात घालतो ते, त्याला कसली औषधं मारताय. त्यावर खजिनदार म्हणाले मग काढून वाळवा आणि विका, तेवढाच मेंटेनन्स कमी होईल.

मी कॉमर्सवाला माणूस, मला साधं एवढंच कळत नाही की ही बुरशी आहे की वनस्पती? हिरवं आहे म्हणजे स्वतःचं जेवण स्वतः करत असणार ना, मग त्यात आणि झाडात फरक काय राहिला? फुलं दोघांनाही येत नाहीत, बारा महिने दोघंही तशीच. आणि मनालीला गेलो होतो तेव्हा देवदारांवर तर हातभर दाढ्या लोंबत होत्या, तरी झाडं ठणठणीत उभी. रविवारी मीटिंग आहे, कोणीतरी नीट सांगा.

येऊरचा_भटक्या:
घासू नका हो, आधी तो ब्रश खाली ठेवा. वाळलेल्या चट्ट्यावर थोडं पाणी शिंपडा आणि मिनिटभर थांबा. राखाडीचा हिरवा झाला तर दगडफुलाचाच प्रकार. मग नखाने कडेचा एक तुकडा उचला, खालची साल कोरडी, टणक आणि नेहमीच्या रंगाची असेल तर झाडाला काहीही झालेलं नाही. साल मऊ पडली असेल, चिकट पाणी येत असेल, दाबल्यावर आत जात असेल तर मात्र तो वेगळा आजार, त्यासाठी माणूस बोलवा.

लोकलच्या दारात लटकणारा माणूस डबा खात नाही, त्याला फक्त उभं राहायला जागा हवी असते. हे तसंच.

निवृत्त_बॉटनी:
भटक्यांनी बरोबर सांगितलंय, मी जरा सविस्तर लिहिते, नेरूळला घरी बसून दुसरं काम काय.

कासारवडवलीकर, तुमचा प्रश्न कॉमर्सचा नाही, पूर्वी शास्त्रज्ञांनाही तो सुटला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दगडफुलं ही शेवाळासारखीच एक साधी वनस्पती म्हणून धरली जायची. १८६७ मध्ये सायमन श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं की हा एक जीव नाहीच, बुरशी आहे आणि तिने आत शैवाल धरून ठेवलंय. तेव्हाच्या बड्या दगडफूलवाल्यांनी त्याला वेड्यातच काढलं. त्यांत विल्यम निलँडर पण होता, म्हणजे ज्याने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत बघून दाखवून दिलं की शहराची हवा बिघडली की दगडफुलं नाहीशी होतात, तो इतका हुशार माणूस, पण दोन जिवांची गोष्ट त्याने शेवटपर्यंत मानली नाही.

तर चट्ट्याचा बहुतेक भाग बुरशीचा. वरचं आवरण बुरशीच्या घट्ट विणलेल्या धाग्यांचं, त्याच्या लगेच खाली शैवालाच्या हिरव्या पेशींचा पातळ थर, खाली परत सैल धागे. सूर्यप्रकाशात साखर तयार करतं ते शैवाल, त्यातली बरीचशी बुरशी घेते, बदल्यात शैवालाला राहायला ओल आणि कडक उन्हापासून आडोसा मिळतो. म्हणून ते हिरवं दिसतं आणि म्हणूनच त्याला तुमच्या झाडाकडून अन्न घ्यायची गरज पडत नाही. पाणी मारल्यावर हिरवं का होतं, तर ओलं झालं की वरचं आवरण पारदर्शक होतं आणि आतलं शैवाल दिसायला लागतं. शास्त्रीय नाव मात्र सगळ्या संसाराला बुरशीचंच लागतं, शैवालाचं नाव वेगळं, ते कोणी विचारतही नाही.

आता झाड. ख्रिसमस ट्री म्हणजे सूचिपर्णी, कॉनिफर. ती शंभर टक्के वनस्पती, मूळ, खोड, पानं सगळं वेगवेगळं, खोडात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या, पेशीभित्ती सेल्युलोजच्या आणि लाकूड होण्यासाठी त्यात लिग्निन. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन, म्हणजे झुरळाच्या पाठीवर असतं ते. नात्याने बघाल तर बुरशी झाडांपेक्षा आपल्याला, म्हणजे प्राण्यांना, जास्त जवळची आहे. तुमच्या खोडावर जे दोन जीव एकमेकांना चिकटून दिसताहेत त्यांच्यात इतकं अंतर आहे.

फुलं दोघांना येत नाहीत हे खरं, पण कारणं अगदी निराळी. कॉनिफरला बी येतं, फक्त ते फळात झाकलेलं नसतं, शंकूच्या खवल्यावर उघडं बसतं, आणि पराग वाऱ्याने येतात. दगडफुलाची बुरशी बीजाणू सोडते, भिंग घेऊन बघा, काही चट्ट्यांवर बारीक वाट्या दिसतील, त्यात ते तयार होतात. पण त्या बीजाणूत नुसती बुरशी असते, त्याला पडेल तिथे योग्य शैवाल भेटलं तर संसार उभा राहणार, नाहीतर गेलं. म्हणून बऱ्याच जातींनी दुसरी सोय केलीय, कडेला पिठासारखी भुकटी सुटते, तिच्या प्रत्येक कणात थोडी बुरशी आणि थोडं शैवाल एकत्रच. वाऱ्याने उडाली, मुंगीच्या पायाला लागली, की पुढच्या झाडावर तयार जोडी पोचते.

सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर पाण्याचा. तुमचं झाड मुळांनी पाणी ओढतं, पानावर मेणाचा थर, हवेची भोकं गरजेप्रमाणे उघडझाप, म्हणजे मे महिन्यात घोडबंदर रोड तापला तरी आत ओल राखायचा त्याचा प्रयत्न चालू असतो, आणि तो फसला की झाड मेलं. दगडफुलाला मुळंच नाहीत. खालून जे धागे दिसतात ते नुसते चिकटून राहायला. पाऊस, दव, हवेतली वाफ, जे मिळेल ते अंगभर शोषतं, आणि नाही मिळालं तर पूर्ण वाळतं, सगळे व्यवहार बंद. जूनमध्ये पहिली सर आली की काही मिनिटांत परत चालू. या वाळून राहण्याच्या सवयीमुळेच २००५ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीच्या प्रयोगात रशियाच्या फोटॉन यानातून दोन जातींची दगडफुलं दोन आठवडे उघड्या अंतराळात ठेवली होती ती परत आल्यावर जिवंत निघाली. ख्रिसमस ट्रीचं तसं करून बघू नका.

आणि वाढ! तुमचं झाड पाचव्या मजल्यावर गेलं तेवढ्या वर्षांत दगडफूल तळहाताएवढं झालं तरी खूप, सालीला घट्ट चिकटणाऱ्या जाती तर वर्षाला जेमतेम मिलिमीटर वाढतात, काही त्याहून कमी. याचा उपयोगही करतात. १९५० साली रोलांड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दगडावरच्या दगडफुलाचा व्यास मोजून हिमनदी तिथून कधी मागे हटली याचा अंदाज बांधायची पद्धत काढली. कॉनिफरच्या बाबतीत हेच काम खोडातली वर्तुळं करतात, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत देवदाराच्या वर्तुळांवरून हिमालयातल्या जुन्या हवामानाचा अभ्यास चालतो, आणि दगडफुलांचा मोठा संग्रह लखनौलाच एनबीआरआयमध्ये, म्हणजे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत.

सुपारीबाग:
माई, माहिती छान, पण आमचा अनुभव वेगळा आहे. मी राहतो कळव्याला पण गावी बाग आहे श्रीवर्धनकडे. ज्या जुन्या आंब्यावर हे पांढरं-हिरवं जास्त चढतं तो आंबा दोन-चार वर्षांत जातोच जातो. वडील दरवर्षी मोरचूद-चुना मारायचे, खोडं स्वच्छ असायची आणि झाडंही चांगली असायची. हे नुसतं योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

निवृत्त_बॉटनी:
सुपारीबाग, निरीक्षण खरं आहे, क्रम उलटा लावून बघा. झाड आधी थकतं, म्हातारपण म्हणा, मुळांना त्रास म्हणा, खोडकिडा म्हणा. थकलं की पालवी विरळ होते, खोडावर आणि फांद्यांवर ऊन पोचायला लागतं, साल वाढायची थांबते त्यामुळे जुनी साल झडून नवी येत नाही. दगडफुलाला हेच हवं असतं, प्रकाश आणि न हलणारी जागा. म्हणजे ते मरणाऱ्या झाडावर जास्त दिसतं, झाड त्याच्यामुळे मरत नाही. तुमच्या वडिलांच्या बोर्डोने सुपारीचा कोळे रोग नक्की आटोक्यात राहिला असणार, तो खरा रोग आहे आणि बोर्डो त्याच्यावर खरं औषध आहे. दगडफूल त्यात आपोआप गेलं, मोरचुदातल्या तांब्यापुढे ते टिकत नाही.

घोडबंदरच्या झाडांना कोळे रोग नाही. आणि मुळाशी ड्रेंचिंग म्हटलंत ना, त्याची मला जास्त काळजी वाटते. कारण बुरशी फक्त खोडावर नसते, झाडाची अर्धी भिस्त जमिनीतल्या बुरशीवर असते. पाइन, देवदार यांच्या कोवळ्या मुळांभोवती बुरशीचं वेष्टण असतं, तिचे धागे लांब लांब मातीत जातात, फॉस्फरस आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. ज्या देशांत पाइन मूळचे नव्हते तिथे रोपं लावली तर खुरटून बसायची, जुन्या पाइनखालची माती आणून टाकली तेव्हा कुठे वाढली. तुमच्या ख्रिसमस ट्रीच्या घराण्यात, अरॉकेरियात, बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरून राहते, वरून काही दिसत नाही, पण देवाणघेवाण तीच. तर दगडफूल आणि कॉनिफर यांच्यात एवढं अंतर सांगितलं खरं, पण दोघांचंही बुरशी आणि हिरव्या पेशी यांच्या सौद्यावर चालतं, एकीकडे बुरशीने घर बांधून हिरव्याला आत घेतलंय, दुसरीकडे हिरव्याने घर बांधून बुरशीला मुळाशी ठेवलंय. वर्षातून तीनदा बुरशीनाशक ओतायचं म्हणजे रोग नसताना हा सौदा मोडायला पैसे द्यायचे. तांबं असेल तर ते मातीत साचत राहतं ते वेगळंच.

मनालीच्या दाढ्यांचं राहिलं. ते अस्निया नावाचं दगडफूल. हवा स्वच्छ आणि दमट असेल तिथेच येतं, सल्फर डायऑक्साइड त्याला अजिबात सोसत नाही. ब्रिटनमध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी १९७० साली झाडांवरची कोणती दगडफुलं टिकलीत ते बघून हवेतलं प्रदूषण किती आहे याची पट्टी बनवली होती, त्यात स्वच्छ टोकाला ही दाढीवाली. ठाण्यात दाढी शोधू नका, इथे टिकणारी मंडळी म्हणजे सालीला सपाट चिकटणारी.

येऊरचा_भटक्या:
+१. रविवारी सकाळी येऊरला पाटोणपाड्याकडे गेलात तर झाडांवर कडेने सुटलेली, पानासारखी दगडफुलं दिसतील आणि तेच ठाणे-बेलापूर रोडला खोडं बघा, बरीचशी बोडकी किंवा नुसते पांढरे डाग. मोजमाप वगैरे केलेलं नाही, चालता चालता बघितलेलं सांगतोय. मला तर सोसायटीत दगडफूल आलं हे ऐकून हेवा वाटला.

गोडा_मसाला:
ए विंगच्या काकूंना माझा नमस्कार, पण ते खरवडून मसाल्यात घालू नका हं प्लीज! दगडफूल हवेतलं सगळं शोषून साठवतं, शिसं वगैरे धातूसुद्धा, म्हणून तर त्याच्यावरून प्रदूषण मोजतात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधलं दगडफूल म्हणजे विचार करा काय काय असेल त्यात. शिवाय सगळ्या जाती खायच्या नसतात, युरोपात कॉनिफर झाडांवर एक पिवळी जात येते ती लांडग्यांना विष घालायला वापरायचे.

मसाल्यातलं म्हणजे पार्मोट्रेमा, डोंगरातल्या झाडांवरून, खडकांवरून गोळा करतात, एक बाजू काळी एक बाजू राखाडी. मी वाशीच्या मसाला मार्केटमधून आणते, निवडताना सालीचे तुकडे आणि खडे निघतातच, ते काढायचे, आणि कच्चं असताना वास घेऊन नाक मुरडू नका, थोड्या तेलात परतलं की मग कळतं. चेट्टिनाडवाले यालाच कल्पासी म्हणून रस्स्यात घालतात.

आणि तुलनाच चाललीय तर कॉनिफरही स्वयंपाकघरात आहेच की, चिलगोजे! किन्नौरच्या पाइनचं बी. भाव बघितलात तर दगडफूल फुकट वाटेल. आयुर्वेदात पण दोघं आहेत, शैलेय म्हणजे दगडफूल आणि खोकल्याच्या तालीसादि चूर्णातलं तालीसपत्र हे हिमालयातल्या सूचिपर्णी झाडाचं.

खारघरचा_बंड्या:
एक मिनिट, झाड नक्की कॉनिफरच आहे का ते कोणी विचारलंच नाही 😄 कारण आमच्या इथे लोक सुरूच्या झाडाला पाइन म्हणतात. अलिबाग-काशिदला समुद्रावर असतं ते. सुया दिसतात, छोटे शंकू दिसतात, पण ते फुलणारं झाड आहे, कॉनिफर नाही. सुई तोडून बघा, सांध्या-सांध्यातून निखळते, ती खरं तर बारीक फांदी, पानं म्हणजे सांध्यावरचे दाते. आणि शाळेत वहीत विद्या म्हणून ठेवायचो ते मोरपंखी, ते मात्र खरं कॉनिफर.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत आपोआप रानात उगवलेलं कॉनिफर नाहीच. पार निलगिरी-केरळकडे गेलं तर एक नागेया मिळतं, त्याचीही पानं चांगली रुंद. त्यामुळे आपल्याकडचे सगळे ख्रिसमस ट्री नर्सरीतून आलेले पाहुणे. बहुतेक कुक पाइन असतात, मूळचे पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांचे, कॅप्टन कुक १७७४ मध्ये तिथे पोचला त्याच्यावरून नाव. आणि याची खरी गंमत म्हणजे हे झाड विषुववृत्ताकडे कलतं! २०१७ मध्ये शास्त्रज्ञांचा पेपर आला होता, पाच खंडांतली २५६ झाडं मोजली, सरासरी साडेआठ अंश कल, उत्तर गोलार्धातली दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब तितका कल जास्त. म्हणजे बिल्डरला शिव्या घालायच्या आधी होकायंत्र काढा.

कासारवडवलीकर:
बाप रे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. आज सकाळी पाणी मारून बघितलं, हिरवं झालं. खालची साल टणक, कोरडी. सुया सांध्यातून निघत नाहीत, म्हणजे सुरू नाही. आणि बंड्या, दोन्ही झाडं खरंच कललीत, मोबाइलच्या कंपासवर जवळपास दक्षिण दाखवतंय, वॉचमनला पण बोलावून दाखवलं.

पण डाव्या बाजूच्या झाडाच्या खालच्या फांद्या तपकिरी पडल्यात आणि दगडफूलही त्याच्यावरच जास्त आहे. माईंनी सांगितलं तसं ते आधीच थकलेलं असेल का? बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत, गेल्या वर्षी ड्राइव्हवे नवीन केला तेव्हापासून.

निवृत्त_बॉटनी:
मग उत्तर तुमच्या ड्राइव्हवेत आहे. खालच्या काही फांद्या वयाप्रमाणे जातातच, पण एकाच झाडाच्या जात असतील तर मुळांना हवा-पाणी मिळत नाहीये. बुंध्याभोवती निदान मीटरभर ब्लॉक काढा, त्याहून जास्त जमलं तर उत्तम, खालचं सिमेंट-खडी काढून माती आणि पालापाचोळा भरा, पण बुंध्याला टेकवून ढीग करू नका. खोदताना मुळं तोडू देऊ नका, माळ्याला कुदळ देऊ नका, हाताने काढायला सांगा. पाणी बुंध्यावर नको, थोडं लांब, सावकाश.

सुपारीबाग:
पटलं माई. पण मी बागेत बोर्डो मारणारच, सुपारीसाठी.

निवृत्त_बॉटनी:
मारा की, पावसाच्या आधी आणि एक टक्क्याचं, चुना नीट विरघळवून, मी कुठे नको म्हटलं.

येऊरचा_भटक्या:
अजून एक भर, कारण दगडफूल आणि कॉनिफर दोन्ही यात आलेत. माईंनी दोन जीव सांगितले, २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि मंडळींनी तिसरा काढला. अमेरिकेत मोंटानाच्या कॉनिफरवर लोंबणारी दोन दगडफुलं, एक तपकिरी आणि खाण्याजोगं, एक पिवळं आणि विषारी. बुरशी बघितली तर तीच, शैवाल तेच, मग फरक कशाचा? तर वरच्या आवरणात एक यीस्ट निघालं, पिवळ्यात त्याचं प्रमाण जास्त. इतकी वर्षं भिंगाखाली होतं आणि कोणाला दिसलं नाही. सगळ्याच दगडफुलांत ते सापडत नाही, पुढे त्यावर बरीच वादावादी झाली, पण वाचायला मजा येते.

खारघरचा_बंड्या:
आता माझाच प्रश्न. आमच्या सोसायटीतलं ख्रिसमस ट्री पूर्वेकडे कललंय, दक्षिणेला अजिबात नाही. पेपर चुकला की झाड?

निवृत्त_बॉटनी:
पश्चिमेला बिल्डिंग आहे का चिकटून?

खारघरचा_बंड्या:
हो, बावीस मजली.

निवृत्त_बॉटनी:
मग उजेडाकडे गेलंय ते. दुपारनंतर ऊनच मिळत नसणार बिचाऱ्याला. आणि जात पण बघून घ्या, नॉरफोक पाइन असेल तर ते एरवी सरळच वाढतं.